‘द बॉय हू हार्नेस्ड द विंड’ गावातल्या पोरांना दाखवावा का?

पांदणरस्ता
मंडळी, नमस्कार. आमचं गाव घाटंजी तालुक्यात. कोरडवाहू शेती, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर, थोडं सोयाबीन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तान्हा पोळा आटोपला की रात्री सभामंडपात दरवर्षी काहीतरी कार्यक्रम असतो. यंदा वाचनालयाच्या पोरांनी सिनेमा दाखवायचं काढलं आणि मी ‘द बॉय हू हार्नेस्ड द विंड’ सुचवला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात कासुंगू भागात विम्बे नावाचं गाव आहे. साल २००१-०२. आधी अतिपावसानं आणि मग कोरड पडल्यानं मका गेला. विल्यम कामक्वाम्बा नावाच्या पोराला फी भरली नाही म्हणून शाळेतून काढलं. तो शाळेच्या छोट्याशा वाचनालयात शिरतो, पवनचक्कीचं चित्र असलेलं एक पुस्तक त्याच्या हाती लागतं आणि भंगारातल्या वस्तूंतून तो ती उभी करतो. खरी गोष्ट आहे, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. सिनेमा २०१९ चा, दिग्दर्शक चिवेटेल एजिओफोर. बापाचं कामही त्यानंच केलंय.

आता अडचण. गावातली जुनी मंडळी म्हणतात, “दुष्काळ घरी पाहतोच, सणाच्या दिवशी पडद्यावर कायले पाहाचा? काही हसायचं लावा.” आमच्या गुरुजींचं म्हणणं वेगळं आहे. असे सिनेमे पाहून पोरांना वाटतं की एक जुगाड केला की सगळं सुटतं, आणि मग तीन दिवसांत हिरमुसतात.

माझं मत स्पष्ट आहे. दाखवावाच, आणि पोरांच्या मागे बापांनाही बसवावं. कारण त्या सिनेमात सगळ्यात अवघड काम पोराच्या वाट्याला आलेलं नाही, बापाच्या आलंय. घरात एकच सायकल. पोरगा म्हणतो, ही कापायची आहे. बाप चिडून त्याची छोटी चक्की मोडून टाकतो आणि त्याला वावरात कुदळ मारायला लावतो. तो बाप वाईट नाही. पेरलेलं हातचं गेलंय, आता उरलेली सायकलही द्यायची? मी तो प्रसंग पाहिला तेव्हा मला आमच्या गावातले दहा बाप दिसले. तुम्हाला काय वाटतं?

कापूसकोंडी
नक्की दाखवा. पण भाषेचं पाहिलंत का? निम्मा सिनेमा चिचेवा भाषेत आहे, निम्मा इंग्रजीत. खालची अक्षरं पळतात. पाचवी-सहावीच्या पोरांना ती वाचवत नाहीत, आजीला तर नाहीच. कुणीतरी माईक घेऊन वऱ्हाडीत सांगत बसलं तरच रंगेल. आमच्याकडे एकदा असाच इंग्रजी सिनेमा लावला होता, अर्ध्या तासात मंडपात फक्त कुत्री उरली.

वाइंडिंगवाला
माझं दारव्ह्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सिनेमा दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा फक्त जोडणी बघायला. म्हणून थोडं लांबण लावतो.

पोराने जे केलं ते खरंच हुशारीचं आहे. मूळ चक्कीत त्याने ट्रॅक्टरचा पंखा घेतला होता. त्याच्या पात्यांची लांबी वाढवायला प्लास्टिकचा पाइप विस्तवावर मऊ करून, उभा चिरून सपाट केला. आस म्हणून शॉकॅब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) वापरला. वायसर नव्हते तर बाटलीची बुचं ठोकून वायसर केले. बुचाचं मला फार कौतुक वाटलं. असली गोष्ट पुस्तकात नसते, ती कमी पडलेल्या माणसालाच सुचते.

आता सायकल का लागली ते सांगतो, कारण सिनेमा पाहून पुष्कळांना ते कळत नाही. डायनॅमोला भरभर फिरवावं लागतं आणि वाऱ्याचा पंखा फिरतो हळू. सायकलचा अठ्ठावीस इंची रिम एकदा फिरला की डायनॅमोची अंगठ्याएवढी गोटी कितीतरी वेळा फिरते. म्हणजे सायकल तिथं गिअरचं काम करते. बापाकडे सायकल मागितली ती हौस म्हणून मागितली नव्हती.

पण एक सांगून ठेवतो. आपल्याकडच्या जुन्या सायकलचा डायनॅमो सहा व्होल्ट, तीन वॅटचा. त्यावर दिवा लागतो, रेडिओ वाजतो. पाण्याची मोटार त्यावर चालत नाही. प्रत्यक्षातही विल्यमच्या पहिल्या चक्कीने घरात बल्ब लागले, रेडिओ वाजला, नंतर लोक फोन चार्ज करायला येऊ लागले. पाणी ओढायचं काम पुढच्या टप्प्यात झालं. सिनेमात ते सगळं एका हंगामात बसवलंय. पोरांना हे आधी सांगा, म्हणजे गुरुजींची शंका निम्मी मिटेल. पहिल्या दिवशी बल्ब लागला तरी तो विजयच आहे.

ऑरेंजसिटी
मी नागपूरला राहते, माहेर आर्वीकडचं. थोडा विरोधी सूर लावते, राग मानू नका.

मला असे प्रेरणादायी सिनेमे बघून अस्वस्थ व्हायला होतं. त्या देशात सरकारने राखीव मक्याचा साठा विकून टाकला होता, म्हणून टंचाईच्या वर्षी गोदामं रिकामी निघाली. तो साठा असता तर एका पोराला कुटुंब जगवायची जबाबदारी अंगावर घ्यावी लागली असती का? आपण टाळ्या वाजवतो पोरासाठी आणि गोदाम विसरून जातो.

आपल्याकडे बघा. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ खर्च ३७२ कोटी धरला होता. माझा जन्म नंतरचा, आता माझी मुलगी शाळेत जाते, आणि काम अजून पुरं नाही. विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजून कागदावर ठेवला होता. मग आपण आपल्या पोराला काय सांगायचं, बाळा, तू सायकल काप?

पांदणरस्ता
ताई, राग कसला. पण सिनेमा गोदाम विसरत नाही. गावचा मुखिया भर सभेत राष्ट्राध्यक्षांसमोर उभा राहून उपासमारीबद्दल बोलतो आणि त्याला मारहाण होते. तंबाखूवाल्यांना झाडं विकली जातात आणि झाडं गेली म्हणून पाणी गावात शिरतं, तेही दाखवलंय. धान्यासाठीची चेंगराचेंगरी दाखवलीय. पोराची चक्की येते शेवटच्या भागात. त्याआधीचा सगळा वेळ तुम्ही म्हणता त्याच गोष्टीचा आहे.

ऑरेंजसिटी
मुखियाचा प्रसंग आहे, मान्य. पण पाहून उठणाऱ्या माणसाच्या डोक्यात चक्की राहते, मुखिया राहत नाही. म्हणून सिनेमा झाल्यावर दहा मिनिटं मुखियाबद्दल बोला, एवढीच विनंती.

बंडीउलाल
मी वऱ्हाडीतच लिहितो बाप्पा, मले तसंच जमते.

वाऱ्यावरचा जुगाड आमच्या गावात आधीपासूनच हाये, तुमाले मलावीले जायची गरज नाई. जागलीले जाऊन पाहा. रानडुकरं न् रोही (नीलगाई) तुरीत घुसतात, रातभर मचाणावर बसून माणसाचा जीव जाते. तं आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यानं काय केलं? जुन्या टेबलफॅनची जाळी काढून टाकली, पातं ठेवलं. मागच्या दांडीले साखळीचा तुकडा बांधला, साखळीच्या टोकाले दोन मोठे नट. बाजूले स्टीलचं फुटकं ताट टांगलं. वारा आला का पातं फिरते, नट ताटावर आदळते, अन् असा आवाज निंगते का डुकरंच काय, आमची म्हातारी बी उठून बसते. बॅटरी नाई, बिल नाई.

तं थो पोट्टा नववीत नापास होता. माय-बाप त्याले बह्याड म्हणत. आता सारे गावकरी त्याच्याकून बनवून नेतात. एका ताटाचे शंभर रुपये घेते. ताट आपलं आपण न्यायचं!

एक खोट हाये. डुकरं हुशार हायेत. आठ-पंधरा दिवस भेतात, मंग आवाजाची सवय होते. म्हणून थो पोट्टा दर आठवड्याले जागा बदलते, कधी ताट, कधी तेलाचा डबा. याले तुमी काय म्हणसान? मी तं इंजिनेरच म्हणतो.

वाइंडिंगवाला
बंडीउलाल भाऊ, त्या पोराला माझ्याकडे पाठवा. ताट वाजवणाऱ्या पात्याला रिम आणि डायनॅमो जोडला की मचाणावर बल्ब लागतो. खरंच सांगतोय, शिकवीन. पैसे नकोत.

झटकामशीन
ताट बरं. काही लोक कुंपणाच्या तारेत घरचा थेट करंट सोडतात, त्यात माणसं गेली आहेत. आमच्या भागातही गेली. सौर झटका मशीन वेगळं, त्यात झटका क्षणभराचा असतो. पोरांना जुगाड शिकवताना हे पहिलं शिकवा. थेट लाइनचा करंट आणि बॅटरीचा खेळ यांची सरमिसळ कधीच करायची नाही.

धानबांधी
मी नागभीड तालुक्यातला, चंद्रपूर जिल्हा. कापूसवाल्यांच्या धाग्यात धानवाल्याला बोलू द्याल ना?

सिनेमा बघताना मला आमच्या दादाजी खोब्रागडेंची आठवण झाली. नांदेड नावाचं गाव, मराठवाड्यातलं नाही, आमच्या तालुक्यातलं. जेमतेम दीड एकर जमीन, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास त्यांना धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. वर्षानुवर्षं हेच. बारीक दाणा, चवीला उत्तम. पुढे व्यापाऱ्याने विचारलं, वाणाचं नाव काय? नाव नव्हतंच. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांचं मोठं कौतुक होतं, म्हणून नाव पडलं एचएमटी. आज नागपूरपासून रायपूरपर्यंत दुकानात एचएमटी तांदूळ मागता ना, तो हा.

त्यांना कुणी बाप अडवायला नव्हता. अडवायला गरिबी होती. श्रेय मिळायला फार उशीर झाला. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, डॉ. कलामांच्या हस्ते. पण शेतकऱ्याने निवडलेल्या वाणावर त्याला आयुष्यभर काही मिळत राहील अशी सोय झाली नाही. ३ जून २०१८ ला ते गेले, ते हलाखीतच.

विल्यमची गोष्ट पुढे कुठे गेली पाहा. २००७ मध्ये टांझानियात टेड या व्याख्यानांच्या मंचावर बोलला, २००९ मध्ये पुस्तक आलं, २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातून पदवी घेतली. हुशारीत दादाजी तसूभरही कमी नव्हते. फरक एवढाच की एकाकडे बातमीदार पोचला आणि मागोमाग शाळेची फी भरणारी माणसं पोचली. माझ्या मते करीच्या रात्री सिनेमा दाखवाच, पण आधी पाच मिनिटं दादाजींबद्दल सांगा. पोरांना कळू द्या की असा माणूस दोनेकशे किलोमीटरवर होऊन गेला.

ऑरेंजसिटी
धानबांधी, अगदी हेच म्हणायचं होतं. माझ्याकडून नीट मांडलं गेलं नाही, तुम्ही मांडलंत.

सीतादई
बायकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी स्वतः शेती करते, आर्णी तालुक्यात.

त्या सिनेमात विल्यमची मोठी बहीण आहे, अ‍ॅनी. शिकलेली, हुशार. तिचं विद्यापीठात जायचं स्वप्न फीपायी राहतं. उपासमारीत ती मास्तरासोबत घर सोडून निघून जाते, घरातलं एक तोंड कमी होईल म्हणून. आणि जाताना त्या मास्तराच्या सायकलचा डायनॅमो भावाला मिळेल असं बघून जाते. म्हणजे त्या चक्कीतला एक भाग बहिणीच्या आयुष्यातून आलाय. सगळे म्हणतात बापाने सायकल दिली. बहिणीने काय दिलं ते मोजा.

आमच्याकडे मुली दहावीनंतर थांबतात कारण कॉलेज तालुक्याला आणि गाडी वेळेवर नाही. मुलींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची निळी बस आली तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या कितीतरी मुली बारावीपर्यंत गेल्या, मी डोळ्यांनी पाहिलंय. पावसाळ्यात पांदण चिखलाने भरते, बस फाट्यावरून परत फिरते, की मुली घरी. मग त्यांच्या हुशारीला कुठे वाट मिळणार?

आता सायकलवर येते. आमच्या घरातही सायकल कापली आहे. गवत काढायचा सायकल डवरा पाहिलाय ना? जुन्या सायकलचं पुढचं चाक आणि दांडा ठेवायचा, मागे लोखंडी पट्टीला डवऱ्याची पास, म्हणजे पातं, वेल्डिंग करून घ्यायची, हँडल धरून ढकलत जायचं. बैलजोडी नाही, सांगून येणारा डवरेकरी आठ दिवस येत नाही, तोवर गवत कमरेला. आमच्या यजमानांनी सायकल डवरा करून आणला तेव्हा सासऱ्यांनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ती त्यांच्या लग्नातली सायकल होती. आता सासरे स्वतः सांगतात, पास थोडी तिरपी लाव, कमी जोर लागतो. तिरप्या पासने खरंच फरक पडला. सरळ पास माती ओढत नेते, तिरपी पास गवताचं मूळ कापत जाते आणि माती वरून सरकून जाते. माझ्यासारख्या बाईला सकाळच्या वेळात अर्धा एकर होतं.

म्हणून पांदणरस्ता भाऊंचं म्हणणं मला पटतं. बापांना बसवाच. पण आयांनाही. विल्यमची आई मध्ये पडते म्हणून बाप नमतो.

पांदणरस्ता
ताई, अ‍ॅनीचं तुम्ही लिहिलंत ते मला इतक्या स्पष्टपणे दिसलं नव्हतं. त्या रात्री हे तुम्ही सांगायला याल का? आर्णीहून फार लांब नाही. राहायची सोय आमच्याकडे.

सीतादई
करीला आमच्याकडेही पाहुणे असतात हो. पण बघते.

बुलेटवाला_दिग्रस
सायकल मागणारी पोरं कुठं राहिली आता! माझ्या पुतण्याला म्हटलं, तूही काही कर बापा. तर म्हणे काका, आधी बुलेट द्या, तिचा अल्टरनेटर चांगला असतो. 😄

वाइंडिंगवाला
बुलेटवाले, पुतण्या बरोबर बोलला. अल्टरनेटर चांगलाच असतो. 😄

कोरडवाहू७२
सगळं ठीक आहे. पण एक मूलभूत गोष्ट. आपल्याकडे वारा कुठे आहे? महाराष्ट्रात पवनचक्क्या उभ्या आहेत साताऱ्याच्या वनकुसवड्याला, सांगलीकडे, धुळ्याच्या साक्रीकडे. कारण तिथे घाटमाथा आहे, वारा आहे. यवतमाळ-वर्ध्यात उन्हाळ्यात वावटळ येते आणि बाकी वेळ पानही हलत नाही. आपल्याकडे ऊन आहे. मग पोरांना वाऱ्याचं शिकवून काय उपयोग? सौर पंपाचं शिकवा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्याहून जास्तीला साडेसात. रात्रीच्या लाइनीला ओलित करायला जाणं आणि त्यात साप-विंचू, हे तरी टळेल.

बंडीउलाल
कोरडवाहू काका, वारा नाई म्हणता, मंग आमचं ताट कोन वाजवते?

कोरडवाहू७२
ताट वाजणं वेगळं, वीज बनणं वेगळं.

खारपाणपट्टा
दोघांचंही बरोबर. पण पंपाने ओढायला गोडं पाणी तर हवं. मी अकोल्याकडचा, पूर्णेच्या खोऱ्यातला. आमच्याकडे जमिनीखालचं पाणी खारं. सौर असो की पवन, बोअरचं पाणी पिकाला दिलं की जमीन चोपण, म्हणजे नापीक होते. आमच्यासाठी शहाणपण म्हणजे शेततळं, पावसाचं पाणी अडवून ठेवायचं आणि हरबऱ्याला एक-दोन ओलित द्यायचं. विल्यमच्या गावी विहीर होती, म्हणून चक्की कामी आली. प्रत्येक गावाने आधी आपला प्रश्न नेमका कोणता ते शोधावं. सिनेमानंतर पोरांना हाच प्रश्न विचारा की आपल्या गावात काय अडलंय. उत्तरं ऐकून मोठ्यांना धक्का बसेल.

वरुडकर_संत्रा
पाणी अडवण्यावरून आठवलं. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत राज्यातले तीनच तालुके होते, त्यात आमचा वरुड होता. तेव्हा श्रमदानाला शाळकरी पोरंच आधी टोपली घेऊन उभी राहिली, मोठी माणसं त्यांच्या मागून आली. पोरं काढतात आणि मोठ्यांना लाज वाटते, हा प्रकार मी पाहिलाय. संत्र्याला पाणी किती लागतं ते आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत आहे. बोअर खोल खोल गेले ते आमच्याच हावेने, तेही पोरं तोंडावर बोलून दाखवत होती.

गुरुजी_केळापूर
मी जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. इथे वाचनालय कुणी फार बोललं नाही, ते मला महत्त्वाचं वाटतं. विल्यमला इंग्रजी नीट येत नव्हतं. त्याने आकृत्या पाहिल्या आणि आकृतीखालचे शब्द विचारून विचारून अर्थ लावला. म्हणजे ते पुस्तक त्याला हात लावता येईल अशा जागी होतं, एवढंच पुरेसं ठरलं. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे, गावोगाव ‘ड’ वर्गाची वाचनालयं आहेत. त्यातल्या किती ठिकाणी विज्ञानाचं कपाट पोरांसाठी उघडं असतं? पुस्तक फाटेल म्हणून कुलूप. फाटू द्या.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. इन्स्पायर मानक योजनेत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्याच्या कल्पनेची निवड झाली तर मॉडेल बनवायला १०,००० रुपये मिळतात. नाव शाळेमार्फत ऑनलाइन जातं. बंडीउलाल यांच्या गल्लीतला पोरगा शाळेत असेल तर त्याचं ताट नक्की पाठवा. आवाज आपोआप बदलेल असं काही त्यात त्याने बसवलं तर फारच उत्तम.

बंडीउलाल
गुरुजी, यंदा त्यानं दहावीचा फारम भरला. मी आजच सांगतो त्याच्या मास्तरायले.

वाट_पाहते
हा धागा काही दिवसांपासून वाचते आहे. एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या सिनेमात उपासमार फार जवळून दाखवली आहे. विल्यमचा कुत्रा भुकेने मरतो. घरातलं उरलंसुरलं धान्य लुटून नेतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अशी घरं आहेत जिथे बाप कर्जापायी गेला. माझंही तसंच घर आहे. पडद्यावर हताश बसलेला बाप बघणं मला जड गेलं होतं. दाखवू नका असं मी म्हणत नाही, मला शेवटी बरंच वाटलं. पण अशा घरातल्या मुलांना आधी घरी जाऊन सांगा काय दिसणार आहे ते. त्यांच्याजवळ त्या वेळी कुणीतरी बसलेलं असू द्या. अगदी लहान मुलांना नको.

पांदणरस्ता
ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या गावात अशी घरं आहेत. मी आणि वाचनालयाची दोन पोरं स्वतः जाऊन बोलू. चौथीपर्यंतच्या मुलांना त्या रात्री दुसरा कार्यक्रम ठेवू.

कापूसकोंडी
आणि परवानगीचं? तो सिनेमा नेटफ्लिक्सवर आहे. घरचं खातं घरच्यांसाठी असतं, मंडपात शंभर माणसांना दाखवणं त्यात बसत नाही. वाचनालयाच्या नावाने करताय म्हणून आधी विचारून घ्या, नंतर कुणी बोट दाखवायला नको.

धानबांधी
हा मुद्दा खरा आहे. परवानगी आली नाही तर आमच्या झाडीपट्टीसारखं करा, स्वतःच उभं करा! दंडारीला, म्हणजे आमच्या लोकनाट्याला, ना परदा लागत, ना कुणाची परवानगी. एक विल्यम, एक बाप, एक अ‍ॅनी, आणि सायकल खरीखुरी. आमच्याकडे वडशाच्या नाटकमंडळींनी पाहिलं तर ते रातोरात बसवतील, वर दोन लावण्या घालतील.

बुलेटवाला_दिग्रस
बापाचं काम मी करतो. रागावायची सवय आहे.

पांदणरस्ता
सगळ्यांचं वाचून आमच्या पोरांची काल बैठक झाली. परवानगीसाठी लिहिलं आहे. आली तर सिनेमा, नाही आली तर गोष्ट आम्हीच सांगणार, वऱ्हाडीत, सायकल समोर ठेवून. दादाजी खोब्रागडेंवर आमची नववीतली एक मुलगी बोलेल. मुखियाच्या प्रसंगावर चर्चा ऑरेंजसिटी ताई फोनवरून घेणार आहेत. आणि जुन्या मंडळींना म्हटलं, हसायचं हवं ना, बंडीउलाल भाऊंचा पोरगा ताट घेऊन येतोय. ते राजी झाले.

आता अडलंय ते वस्तूंवर. पोरांना त्याच रात्री बल्ब लावून दाखवायचा आहे. रिम मिळाला, टेबलफॅनचं पातं मिळालं. डायनॅमो कुठेच नाही. सायकलच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, आता कोण वापरतं.

वाइंडिंगवाला
डायनॅमो शोधत बसू नका. गावात बॅटरीवरचे बिघडलेले फवारणी पंप किती आहेत ते बघा. प्रत्येक घराच्या माळ्यावर एक असतो. त्याच्या आत बारा व्होल्टची बॅटरी आणि छोटी डीसी मोटार असते, तिला पंपाचं डोकं जोडलेलं. डोकं काढलं की उरते ती मोटार. तीच बाहेरून फिरवली की वीज देते. तिच्या दांडीवर रबरी गोटी बसवा, रिमला घासून लावा. तीन-चार व्होल्ट आले तरी एलईडी लागतो. डायनॅमो एसी देतो, ही मोटार डीसी देते, त्यामुळे एलईडीच्या तारा उलटसुलट झाल्या तर लागणार नाही, बदलून बघा. बॅटरी चार्ज करायची असेल तर मध्ये वीज एकाच बाजूला जाऊ देणारा डायोड हवाच, नाहीतर वारा थांबला की बॅटरीच मोटार फिरवत बसेल. दुसऱ्या पंपाचं डोकं शाबूत असेल तर चार्ज झालेल्या बॅटरीवर तो मिनिटाला तीनेक लिटर पाणी टाकतो. सिनेमातली शेवटची जोडणी तीच आहे, चक्की, बॅटरी, पंप.

झटकामशीन
थांबा. फवारणी पंप म्हणजे औषधाचा पंप. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, विसरलात का? तो पंप पोरांच्या हातात तसाच देऊ नका. मोठ्या माणसाने हातमोजे घालून टाकी, नळी, डोकं वेगळं करावं, साबणाच्या पाण्याने धुवावं, ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सांडू नये. पोरांना फक्त धुतलेली मोटार आणि बॅटरी द्या. पाणी टाकून दाखवायचं असेल तर डोकं नवं विकत घ्या.

वाइंडिंगवाला
बरोबर आहे. मोटारी माझ्याकडे आणून द्या, मी उघडून, साफ करून, तपासून देतो. डोकं माझ्याकडे नवं पडलंय एक, ते देतो. पांदणरस्ता भाऊ, पोळ्याच्या आठ दिवस आधी पाठवा म्हणजे गोटी बसवायला वेळ मिळेल. आणि त्या ताटवाल्या पोराला सोबत पाठवा, सोल्डरिंग त्याच्याकडूनच करून घेतो.

बंडीउलाल
पाठवतो. त्याच्या मायनं विचारलं, जेवाले देसान ना?

वाइंडिंगवाला
माऊलीला सांगा, आमच्या घरी झुणका-भाकर आणि रात्रीचा मुक्काम. येताना त्याने त्याचं एक ताट सोबत आणावं, माझ्याही वावरात डुकरं आहेत.